प्लेसमेंटच्या पलीकडे : व्यवस्थापन शिक्षण आणि नोकरीचा शोध

व्यवस्थापन शिक्षण देणाऱ्या भारतीय संस्थांमध्ये प्लेसमेंट या एका नावाखाली दोन निरनिराळी कामे एकत्र आली आहेत. विद्यार्थ्याला नोकरी मिळवून देणे हे त्यांतले एक, आणि नोकरी कशी शोधावी, पारखावी व गरज पडल्यास बदलावी हे त्याला शिकवणे हे दुसरे. पहिल्या कामाचे आकडे वर्तमानपत्रांत ठळकपणे छापले जातात, त्यांवर पुढच्या वर्षीच्या प्रवेशांची गर्दी अवलंबून असते आणि संस्थेची प्रतिष्ठाही. दुसरे काम मात्र बहुतेक ठिकाणी शेवटच्या सत्रातील दोन-चार कार्यशाळांवर भागवले जाते. ही व्यवस्था कशी घडली, तिच्यामागचे अर्थशास्त्र कोणते, तिच्याबाहेर कोण राहते आणि नोकरीच्या शोधाविषयी झालेले संशोधन तिच्याबद्दल काय सांगते, याचा आढावा येथे घेतला आहे.

व्यवसाय-मार्गदर्शनाची संकल्पना जवळजवळ व्यवस्थापन शिक्षणाइतकीच जुनी आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ मध्ये सुरू झाले आणि त्याच वर्षी त्याच बॉस्टन परिसरात फ्रँक पार्सन्स यांनी तरुणांना व्यवसाय निवडण्यास मदत करणारे कार्यालय उघडले. स्वतःच्या क्षमता-आवडींची जाण, कामांच्या जगाची खरी माहिती आणि या दोहोंची विचारपूर्वक सांगड ही त्यांनी घालून दिलेली त्रिसूत्री आजच्या अनेक समुपदेशन-पद्धतींच्या मुळाशी आहे. भारतात जमशेदपूरची एक्सएलआरआय १९४९ मध्ये, कलकत्ता व अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्था (आयआयएम) १९६१ मध्ये आणि मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली. अहमदाबादच्या संस्थेला हार्वर्डचे, कलकत्त्याच्या संस्थेला एमआयटीच्या स्लोन स्कूलचे आणि बजाज संस्थेला स्टॅनफर्डचे साहाय्य लाभले. या संबंधांतून अभ्यासक्रम आले, प्रत्यक्ष उद्योगातील प्रसंग वर्गात चर्चेला घेण्याची पद्धत आली. प्रशिक्षित समुपदेशकांचे पूर्णवेळ कार्यालय मात्र त्याच जोमाने आले नाही, आणि तुकड्या लहान असताना त्याची उणीव फारशी जाणवलीही नसावी.

त्या जागी जी पद्धत रुजली ती मुख्यतः विद्यार्थ्यांच्याच समितीकडून चालवली जाते आणि हे भारतातील अग्रगण्य संस्थांचे लक्षणीय वेगळेपण आहे. ही समिती कंपन्यांशी बोलणी करते, कोणती कंपनी कोणत्या दिवशी येणार हे ठरवते, सहाध्यायांच्या सीव्हीतील प्रत्येक दाव्याचा पुरावा तपासते आणि नियम मोडणाऱ्याला प्रक्रियेतून बाद करण्याचा अधिकारही राखते. पहिली मोठी फेरी उन्हाळी इंटर्नशिपसाठी, म्हणजे दोन शैक्षणिक वर्षांच्या मधल्या साधारण दोन महिन्यांच्या कामासाठी असते. त्या काळातील काम कंपनीच्या पसंतीस उतरले तर शिक्षण संपण्यापूर्वीच पक्क्या नोकरीचा प्रस्ताव हाती येतो, ज्याला विद्यार्थी ‘पीपीओ’ म्हणतात. उरलेल्यांसाठी दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस अंतिम फेरी होते. या वेळापत्रकात एक गंभीर विसंगती आहे. उन्हाळी इंटर्नशिपची निवड प्रवेशानंतर चार-पाच महिन्यांतच होत असल्याने विपणन, वित्त, मनुष्यबळ की सल्लागार सेवा हा निर्णय विद्यार्थ्याला त्या विषयांचा जेमतेम परिचय झालेला असतानाच घ्यावा लागतो, आणि पीपीओ मिळाल्यास बहुधा तोच निर्णय कायमचा ठरतो. दोन वर्षांचे शिक्षण निवडीला दिशा देईल ही अपेक्षा असते. प्रत्यक्षात निवड आधी होते आणि शिक्षण तिच्या मागून येते.

या घाईचे सर्वांत समाधानकारक स्पष्टीकरण ॲल्विन रॉथ या अर्थशास्त्रज्ञाच्या कामात सापडते. अमेरिकेतील रुग्णालये नव्या डॉक्टरांची भरती कशी करीत, याचा त्यांनी सखोल अभ्यास केला. चांगला उमेदवार दुसऱ्याने उचलण्याआधी आपण उचलावा या चढाओढीत रुग्णालयांचे प्रस्ताव इतके अलीकडे सरकत गेले की १९४० च्या दशकात पदवी मिळण्याच्या जवळजवळ दोन वर्षे आधी नेमणुका होऊ लागल्या, आणि तारखांवर बंधन घातल्यावर उमेदवाराला विचारासाठी मिळणारा वेळ काही तासांवर आला. अखेर १९५२ पासून एक मध्यवर्ती जुळणी-पद्धत स्वीकारण्यात आली, जिच्यात दोन्ही बाजू आपापला पसंतीक्रम कळवतात आणि त्यांवरून जोड्या ठरतात. अशा बाजारांच्या रचनेवरील कामासाठी रॉथ यांना लॉइड शॅप्ली यांच्यासह २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतीय व्यवस्थापन संस्थांतील ‘डे झिरो’, म्हणजे पहिल्या दिवसाच्याही आधीचा मानाचा दिवस, हे याच आजाराचे लक्षण आहे. प्रत्येक मोठ्या कंपनीला सर्वांच्या आधी यायचे असते. मुलाखती एका दिवसात उरकल्या जातात. प्रस्ताव तिथल्या तिथे स्वीकारावा लागतो, आणि एक प्रस्ताव स्वीकारला की विद्यार्थी प्रक्रियेबाहेर जातो. मोजक्या तासांत शेकडो नेमणुका उरकण्याची ही पद्धत कार्यक्षम खरीच, परंतु ती कार्यक्षमता संस्थेला आणि कंपनीला उपयोगी पडते. तुलना करून निवडण्याची विद्यार्थ्याची संधी तिच्यात आक्रसते.

अहमदाबादच्या संस्थेने गेल्या दशकाच्या प्रारंभी यात केलेली सुधारणा म्हणूनच महत्त्वाची आहे. कंपन्यांना एकेका दिवशी बोलावण्याऐवजी कामाच्या स्वरूपानुसार त्यांचे गट पाडले गेले, गटांच्या फेऱ्यांमध्ये काही दिवसांचे अंतर ठेवले गेले, आणि एका गटात प्रस्ताव मिळालेल्या विद्यार्थ्याला नंतरच्या गटातील आपल्या विशेष आवडीच्या कंपनीकडे अर्ज करण्याची मुभा मिळाली. त्यामुळे आधी कोण आले यापेक्षा कोणते काम हवे आहे, या प्रश्नाला थोडी जागा मिळाली. मध्यवर्ती जुळणीइतका हा उपाय मूलगामी नाही, पण वेळापत्रकात बदल करूनही विद्यार्थ्याचे हित जपता येते हे त्याने दाखवले, आणि इतर संस्थांनी त्याचे अनुकरण अधिक गांभीर्याने करायला हवे होते.

पगाराच्या आकड्यांचा प्रश्न वेगळाच आहे आणि तेथे बनवाबनवीला भरपूर वाव राहिला आहे. जाहिरातीत झळकणारे सर्वोच्च पॅकेज एकाच विद्यार्थ्याचे असते. सरासरीचा आकडा अशा दोन-चार पॅकेजांमुळे फुगतो. आणि ज्याला सीटीसी म्हणतात त्या एकूण रकमेत मूळ वेतनाखेरीज कामगिरीवर अवलंबून असलेला भाग, रुजू होतानाची एकरकमी भर, कित्येक वर्षांनी हाती येणारे कंपनीचे समभाग आणि ग्रॅच्युइटीची तरतूदही धरलेली असते. मध्यक, म्हणजे सर्व पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधोमध येणारा आकडा, सामान्य विद्यार्थ्याची स्थिती पुष्कळ प्रामाणिकपणे सांगतो. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून व्यवस्थापन संस्थांच्या करिअर कार्यालयांनी एकत्र येऊन अहवालांचे समान निकष घडवले. त्यांत नोकरी शोधणारे आणि न शोधणारे विद्यार्थी वेगळे मोजावे लागतात व पदवीच्या वेळची तसेच तीन महिन्यांनंतरची स्थिती कळवावी लागते. या शिस्तीमुळेच हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या २०२४ च्या तुकडीतील नोकरी शोधणाऱ्यांपैकी २३ टक्के पदवीधर तीन महिन्यांनंतरही नोकरीविना होते, ही अप्रिय गोष्ट जगाला संस्थेच्याच अहवालातून कळली. भारतात अहमदाबादच्या संस्थेच्या पुढाकाराने २०१० नंतर अशाच अहवाल-निकषांची मांडणी झाली, ज्यांत देशातील व परदेशातील पगारांची सरमिसळ टाळणे आणि आकड्यांची बाहेरच्या संस्थेकडून तपासणी यांवर भर होता. परंतु ते ऐच्छिक असल्याने फारच थोड्या संस्थांनी पाळले. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीमुळे २०१६ पासून सहभागी संस्थांना मध्यक वेतन जाहीर करावे लागते, हा मात्र खरा लाभ आहे. प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने माहितीपत्रकाऐवजी संस्थेच्या संकेतस्थळावरील ही माहिती आधी वाचावी.

शंभर टक्के प्लेसमेंटच्या दाव्याची दुसरी मर्यादा अर्थव्यवस्थेच्या चढउतारांत उघडी पडते. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक कोसळली तेव्हा त्या क्षेत्राकडे डोळे लावून बसलेल्या तुकडीला ऐन फेरीच्या तोंडावर दिशा बदलावी लागली. मे २०१६ मध्ये फ्लिपकार्टने निवडलेल्या उमेदवारांच्या रुजू होण्याची तारीख जूनवरून डिसेंबरवर ढकलली, त्यावर अहमदाबादच्या संस्थेने लेखी नाराजी कळवली, आणि हाती पत्र असणे व प्रत्यक्ष नोकरी असणे यांतील अंतर सर्वांसमोर आले. संस्थेच्या हिशेबी हे विद्यार्थी ‘प्लेस’ झालेले होते. शैक्षणिक कर्जाचे हप्ते बहुतेक बँकांच्या नियमांनुसार अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होतात, आणि अग्रगण्य संस्थांचे दोन वर्षांचे शुल्क आता २५ लाखांच्या आसपास गेले आहे, हे ध्यानात घेतले तर सहा महिन्यांच्या विलंबाचे वजन कळते.

आतापर्यंतचे विवेचन ज्या संस्थांविषयी होते त्यांची संख्या अगदी मर्यादित आहे. सर्व आयआयएम मिळून विसाहून थोड्याच अधिक आहेत, आणि नागपूरची २०१५ पासूनची व पूर्वीच्या निटी या औद्योगिक अभियांत्रिकी संस्थेचे २०२३ मध्ये रूपांतर होऊन झालेली मुंबईची, अशा त्यांतल्या दोन महाराष्ट्रात आहेत. याउलट देशभरात व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी किंवा पदविका देणाऱ्या संस्था हजारोंच्या घरात असून महाराष्ट्रात त्या तालुक्यांपर्यंत पोचल्या आहेत. तेथील टीपीओ, म्हणजे प्रशिक्षण व नेमणूक अधिकारी, हा पुष्कळदा अध्यापनाचा पूर्ण भार सांभाळून हे काम करणारा प्राध्यापक असतो. अनेक महाविद्यालयांनी मिळून भरवलेल्या एकत्रित भरती मेळाव्यात विमा, बँकांची कर्जविक्री आणि ग्राहकसेवा अशा कामांसाठी पदवीधरांच्याच पगारावर एमबीएधारक घेतले जातात. केंद्र सरकारची पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा तीत दरमहा ५,००० रुपये मिळत, पण एमबीए झालेल्यांना ती लागू नव्हती. त्यामागे ही पदवी घेतलेल्याला मदतीची गरज नसावी असे जे गृहीत होते, ते आयआयएमसाठी खरे असले तरी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एमबीएसाठी खरे नाही. महाराष्ट्र शासनाच्या त्याच वर्षीच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदव्युत्तर उमेदवारालाही दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन देय होते, आणि या बाबतीत राज्याची दृष्टी अधिक वास्तवाला धरून होती.

नोकऱ्या प्रत्यक्षात कशा मिळतात, याचा पायाभूत अभ्यास समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन गावातील नोकरदारांच्या मुलाखतींतून केला. १९७३ व १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार निम्म्याहून अधिक जणांना नोकरीची वार्ता ओळखीतून लागली होती, आणि ती बहुतेकदा जिवलग मित्रांकडून नव्हे तर क्वचित भेटणाऱ्या परिचितांकडून. जवळच्या माणसांना आपल्याला ठाऊक असलेलेच ठाऊक असते. नवी माहिती दूरच्या धाग्यांवरून येते, म्हणून त्यांनी या ओळखींना दुबळे बंध म्हटले आणि त्यांचे बळ दाखवून दिले. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगानेही मध्यम दुबळे बंध नोकरीबदलाला सर्वाधिक उपयोगी पडतात हेच दाखवले. वशिल्याने अपात्राची वर्णी लागते, तर येथे पात्र व्यक्तीला जागेची खबर मिळते, हा भेद नीट जपायला हवा. परंतु दूरच्या ओळखीही सर्वांना सारख्या लाभत नाहीत. ज्याच्या घरात कोणी कधी कॉर्पोरेट कार्यालयात काम केलेले नाही, ज्याचे नातेगोते शेतीत, यंत्रमागावर किंवा बांधकामावर आहे, त्याच्या जवळच्या आणि दूरच्या दोन्ही वर्तुळांत व्यवस्थापकीय नोकरीची वार्ता फिरतच नाही.

यात भेदभावाची भर पडते, आणि तिचे पुरावे भारतातूनच उपलब्ध आहेत. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल ॲटवेल यांच्यासह वर्तमानपत्रातील जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज पाठवले, ज्यांत फरक होता तो केवळ नावावरून सूचित होणाऱ्या जातीचा व धर्माचा. मुंबईहून निघणाऱ्या इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दलित व मुस्लिम नावांच्या अर्जदारांना पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावांपेक्षा कमी आढळली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी खासगी कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून दाखवले की गुणवत्तेची भाषा बोलणारे हेच अधिकारी मुलाखतीत कौटुंबिक पार्श्वभूमी आवर्जून विचारतात आणि उत्तरातून उमेदवाराची योग्यता जोखतात. अमेरिकेतील सल्लागार संस्था, गुंतवणूक बँका व विधी संस्थांच्या भरतीवर लॉरेन रिव्हेरा यांनी २०१५ च्या ग्रंथात जे दाखवले तेही याच प्रकारचे आहे : मुलाखत घेणारा स्वतःसारखे छंद, बोलणे आणि वावर असलेल्या उमेदवाराकडे झुकतो. केंद्रीय संस्थांत २००८ पासून इतर मागासवर्गीयांनाही आरक्षण मिळू लागल्यावर आयआयएमचे वर्ग सामाजिकदृष्ट्या बदलले, पण खासगी भरतीची कसोटी तीच राहिली. पहिली सीव्ही छाननी शालेय गुण व पूर्वीच्या महाविद्यालयाचे नाव पाहून होते. गटचर्चेत सफाईदार इंग्रजी हीच विचारांची स्पष्टता समजली जाते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीने दोन वर्षांत संख्याशास्त्र कितीही पक्के केले, तरी पहिल्या मिनिटाच्या या छापातून सुटणे तिला अवघड जाते. अशा वेळी करिअर कक्षाने निवडीचे निकष लेखी मागणे, सर्वांना तेच प्रश्न विचारणाऱ्या आखीव मुलाखतींचा कंपन्यांकडे आग्रह धरणे आणि घरच्या परिस्थितीविषयीचे प्रश्न नाकारणे, हे त्याच्या कर्तव्याचा भाग मानले पाहिजे. कंपनी नाराज होईल या भीतीने बहुतेक कक्ष हे टाळतात.

विद्यार्थ्याने स्वतःबद्दल निर्णय कसा घ्यावा, या प्रश्नावर एमआयटीतील एडगर शाइन यांचे काम अजूनही सर्वांत उद्बोधक आहे. स्लोन स्कूलमधून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बाहेर पडलेल्या ४४ पदवीधरांचा त्यांनी दहा-बारा वर्षे मागोवा घेतला आणि असे मांडले की व्यक्ती कशाला चिकटून राहते, म्हणजे तांत्रिक प्रभुत्व, माणसे सांभाळणे, स्थैर्य, स्वायत्तता की नवे उभारणे, हे तिला प्रत्यक्ष कामाच्या पहिल्या काही वर्षांतूनच उमगते. याला त्यांनी करिअरचा नांगर म्हटले. तेविसाव्या वर्षीची निवड अपुऱ्या माहितीवरच होणार असेल तर पहिली नोकरी अचूक निवडण्याच्या दडपणापेक्षा ती तपासून पाहण्याची आणि बदलण्याची तयारी अधिक मोलाची ठरते. आणि ही तयारी शिकवता येते. नोकरी शोधण्याच्या प्रशिक्षणावरील ४७ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार प्रशिक्षण घेतलेल्यांमध्ये नोकरी मिळालेले आणि न मिळालेले यांचे गुणोत्तर प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या तुलनेत २.६७ पट होते. विशेष म्हणजे केवळ कौशल्ये शिकवणारे किंवा केवळ उमेद वाढवणारे कार्यक्रम तितके परिणामकारक ठरले नाहीत; दोन्ही एकत्र आल्यावर फळ मिळाले. भारतीय संस्थांतील मुलाखत-तयारी बहुधा एका फेरीच्या चौकटीपुरती असते, तर नकार पचवून पुन्हा अर्ज कसा करावा, अनोळखी माजी विद्यार्थ्याशी पत्रव्यवहार कसा सुरू करावा, कंपनीचा ताळेबंद वाचून ती पगार देऊ शकेल का हे कसे पाहावे आणि वेतनाची बोलणी कशी करावी, या गोष्टी अभ्यासक्रमात जवळपास कुठेच नसतात.

परदेशी व्यवस्थापन शिक्षण घेणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना ही उणीव लगेच जाणवते, कारण तेथे कंपन्या संस्थेत आल्या तरी शोध बहुतांशी ज्याचा त्याने करायचा असतो आणि व्हिसाचे घड्याळ सतत चालू असते. अमेरिकेत शिक्षणानंतर मिळणाऱ्या एक वर्षाच्या काम-परवान्यात एकूण ९० दिवसांहून अधिक काळ बेरोजगार राहता येत नाही. विज्ञान-तंत्रज्ञान गटात मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांना आणखी २४ महिने मिळतात, म्हणून संस्था निवडतानाच या मान्यतेची चौकशी करणे गरजेचे असते.

महाराष्ट्रातील बहुसंख्य एमबीए विद्यार्थ्यांचा रोजगार मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे आणि तेथे कॅम्पस भरतीचा साचा मुळातच लागू पडत नाही. दरवर्षी ठरावीक महिन्यात तुकडीने माणसे घेणे मोठ्या कंपनीला परवडते. चाकण, वाळूज, बुटीबोरी किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील मध्यम कारखाना, नागरी सहकारी बँक, दूध संघ, खासगी रुग्णालय किंवा निर्यात करणारी द्राक्ष-डाळिंबाची कंपनी एका वेळी एकच माणूस घेते, तोही जागा रिकामी झाल्यावर, आणि पुष्कळदा जाहिरात न देता. अशा नियोक्त्याला महाविद्यालयात बोलावण्याचा प्रयत्न निष्फळ ठरतो. विद्यार्थ्यालाच त्याच्यापर्यंत पोचावे लागते. त्यासाठी टीपीओच्या टेबलावर मागील दहा तुकड्यांतील विद्यार्थी आज कुठे, कोणत्या कामावर आहेत याची अद्ययावत नोंदवही हवी, पहिल्या सत्रापासून प्रत्येक विद्यार्थ्याने त्यांतील काही जणांना कामाच्या ठिकाणी जाऊन भेटण्याला श्रेयांक हवेत, आणि हे सर्व सांभाळणाऱ्या व्यक्तीवर अध्यापनाचा भार निम्मा हवा. पदवीनंतरची पहिली तीन वर्षे कार्यालयाचे दार माजी विद्यार्थ्यांना उघडे असावे, कारण पहिली नोकरी सोडण्याचा विचार बहुधा याच काळात येतो. विद्यापीठांनी संलग्नता देताना या चार गोष्टी विचारल्या आणि अहवालात सर्वोच्च पॅकेजाऐवजी तीन वर्षांनंतर किती पदवीधर पदवीशी सुसंगत कामावर आहेत हा आकडा मागितला, तर जिल्ह्यातील संस्थांना तो गोळा करण्यासाठी आपल्या माजी विद्यार्थ्यांशी संबंध ठेवणे भागच पडेल.